रविवारची पुरवणी

"बाई, वरचं पान," तापीराम अण्णांनी हात पुढे केला. गाडी अजून पाचोऱ्याच्या फलाटावरून हललीसुद्धा नव्हती.

"अण्णा, आधी टेकून तरी बसा."

"टेकणं काय, दिवसभर आहेच. बातम्या शिळ्या होतात."

मी वरचं पान त्यांना दिलं. आतलं पान दाराजवळच्या मंडळींनी मागून नेलं. पुरवणी तेवढी मी घडी घालून मांडीखाली ठेवली.

जामनेरच्या छोट्या गाडीतला हा आमचा दर रविवारचा शिरस्ता होता. पेपर मी विकत घ्यायचा आणि डब्यानं तो वाचायचा. त्याला माझी हरकत नव्हती, फक्त पुरवणी कुणी मागायची नाही. घरी रोजचा पेपर आधी मामंजींकडे जाई, मग आमच्या ह्यांच्याकडे, मग दिरांकडे. माझ्या हाती येईपर्यंत शब्दकोडं सुटलेलं असे आणि अग्रलेखावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलेलं असे. आई जामनेरला एकटी राहायची. रविवारी सकाळी मी तिला भेटायला निघे, तो प्रवासाचा वेळ माझा एकटीचा. गाडी इतकी सावकाश चाले की शेजारच्या रस्त्यानं जाणारा सायकलवाला ओळखीचा असला तर खिडकीतल्या माणसाशी घरच्या चौकशा करत बरोबर येई. पुरवणीचं पहिलं पान, गोष्ट, पाककृती, भविष्य, सगळं मी चवीनं वाचायचे आणि कोडं शेवटी ठेवायचे. पेन्सिल शाळेच्या पिशवीतलीच.

तापीराम अण्णांचं शेंदुर्णीला किराणा दुकान होतं. शनिवारी माल बघायला पाचोऱ्याला यायचे, रविवारी परत. त्यांना मनातल्या मनात वाचता येत नसे. त्यामुळे डब्यात ज्यांना पेपर मिळत नसे, त्यांनाही तो मिळायचाच.

त्या दिवशी वरखेडीला दोघी बायका चढल्या. पुढची पन्नाशीची, हातात कडीचा डबा आणि काखेत गाठोडं. मागची वीस-बावीसची, हिरवं लुगडं, दिवस भरत आलेले. मी पुरवणी उचलून सरकले आणि तिला शेजारी जागा करून दिली.

"पहिलं?" मी विचारलं.

मुलीनं पदर पोटावर ओढून घेतला. समोर बसलेल्या बाई म्हणाल्या, "सून माझी. द्वारका. माहेरी सोडू राहिले, पहूरला." एवढंच म्हणून त्यांनी डब्याचं झाकण दाबून बघितलं. "ताक आहे. ऊन पाहा किती, चैत्र सरला नाही तोवर."

त्यांचं नाव गोजराबाई. दोन स्टेशनांच्या मधल्या कुठल्याशा वस्तीवर त्यांचं घर होतं. पहाटे बैलगाडी जुंपून निघाल्या होत्या. मी एक गोष्ट वाचून संपवली, आणि तेवढ्यात तापीराम अण्णांचा आवाज चढला.

"हे चौकटीत काय आहे? 'आज खंडग्रास सूर्यग्रहण. सकाळी आपल्या भागातून दिसेल.' आज आहे का? मले वाटलं उद्या."

"आजच आहे अण्णा," दाराजवळून कुणीतरी म्हणालं. "म्हणून तर उपाशी निघालो आम्ही."

गोजराबाईंचा हात सुनेच्या पोटावर गेला. "कवा? कवा लागतं?"

अण्णांनी पान डोळ्यांजवळ नेलं, मग खिडकीबाहेर बघायला वाकले आणि घाईनं मागे झाले. "लागलं समजा."

"देवा रे." त्या उठून उभ्या राहिल्या. गाडीतून कुठे जाणार, ते त्यांनाही कळेना. "वस्तीवर ना पेपर, ना काही. रेडिओचे सेल संपलेले. कुणी एका शब्दानं बोललं नाही. माहीत असतं तर उंबरा ओलांडू दिला नसता तिले. झडपा पाडा वो कुणी. पोटुशी पोर आहे डब्यात."

सगळा डबा उठला. ज्यांना ग्रहणाचं काही वाटत नव्हतं, तेही उठले. लाकडी झडपा एकामागून एक खाली आल्या. दाराजवळच्यांनी दारं लोटून घेतली. अण्णांनी अडकित्ता आणि अर्धी सुपारी कोटाच्या खिशात टाकली. एका लहान मुलाच्या आईनं त्याच्या हातातली भाकरी काढून घेतली आणि तो रडू लागला, तशी कुणीतरी त्याला किल्ल्यांचा जुडगा दिला. डब्यात तिन्हीसांज झाली.

"द्वारके, पाय सरळ कर. अंग आखडू नको. हात मांडीवर, तळवे उघडे. मूठ वळायची नाही. खाजवायचं नाही." गोजराबाई एकेक सांगत होत्या आणि द्वारका एकेक करत होती. सगळं ओळखीचं असावं, तशी. मग ती पुतळ्यासारखी बसली.

थोड्याच वेळात डबा तापला. बंद डब्यात एवढी माणसं, वर पत्र्याचं छप्पर. द्वारकेच्या कानशिलावरून घाम गळ्यात उतरत होता आणि तो पुसायलाही ती हात उचलत नव्हती. ओठ कोरडे पडले होते.

"गोजराबाई, तिला घोटभर पाणी तरी द्या," मी म्हटलं.

"सुटल्याबिगर नाही."

"एवढी-एवढी झडप वर करू या का? वाऱ्यापुरती?"

"बाई," तापीराम अण्णा हळूच म्हणाले, "एवढं ऐका. आपल्या माथी नको कुणाचं काही."

गोजराबाई कठोर बाई नव्हत्या. त्या सुनेला गाठोड्याच्या फडक्यानं वारा घालत होत्या. बऱ्याच वेळानं माझ्याकडे झुकून, पण द्वारकेला ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणाल्या, "एक डाव पोळलोय आम्ही. पहिल्या खेपेला असंच गिऱ्हाण होतं. मी शेतात. ही इळीवर बसली, वांगं चिराया. पोरगा झाला, तर ओठ दुभंगलेला, पार नाकापर्यंत. दूध ओढता येईना त्याले. आठ दिवसही राहिला नाही."

फडकं थांबलं, पुन्हा हलू लागलं.

मी शाळेतली बाई. चुकीचं कुणी बोललं की दुरुस्त करायची सवय. मी द्वारकेकडे वळून म्हटलं, "अगं, पोटात बाळाचा ओठ दोन बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतो. कधी कधी तो जुळायचा राहतो. तुझ्या विळीचा काही संबंध नाही त्याच्याशी. कुणी चिरत नाही तो."

तिनं मान वळवली नाही. समोर बघतच म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या, बाई. पण इळीवर मी होते ना."

मी खरं तेच सांगितलं होतं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. वर्गातही असं होतं. फळ्यावर सगळं बरोबर लिहिलेलं असतं आणि समोरचा चेहरा तसाच असतो. अशा वेळी आवाज चढवून उपयोग नसतो, थांबावं लागतं. मी पुरवणी उलगडली. तेवढ्या अंधारात वाचणं शक्य नव्हतं, पण कोड्याची मोठी अक्षरं लागतील असं वाटलं.

कोड्याच्या पांढऱ्या चौकटींत काहीतरी पडलं होतं. करंगळीच्या नखाएवढे उजेडाचे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा एका बाजूनं लचका तोडलेला. मला आधी वाटलं, छपाईचा घोळ. मी पुरवणी थोडी सरकवली. अक्षरं सरकली, चौकटी सरकल्या, ठिपके जागच्या जागी राहिले.

मी मान वर केली.

समोरच्या झडपांमध्ये जुने खिळे गळून बारीक भोकं पडली होती. काही ठिकाणी फळ्यांची सांध उकलली होती. एरवी उघड्या खिडकीत कोण बघतं त्यांच्याकडे? आता त्या एकेका भोकातून उजेडाची काडी आत आली होती. एक भोक गोल, दुसरं चौकोनी, तिसरं नुसतं वेडंवाकडं. पण खाली जे पडत होतं ते सगळीकडे एकाच आकाराचं होतं, बीजेच्या चंद्रासारखी कोर, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. ते अण्णांच्या टोपीवर होतं. कडीच्या डब्यावर, रडून झोपलेल्या मुलाच्या पाठीवर, मिरच्यांच्या पोत्यावर, गोजराबाईंच्या पावलांवर होतं. डबाभर कोरी सांडल्या होत्या.

शनिवारी दुसरीच्या वर्गात मी मुलांना बजावलं होतं, उद्या सूर्याकडे बघायचं नाही, डोळे जातील. "मग बाई, कुठं बघायचं?" एका मुलीनं विचारलं होतं. "कुठंच नाही," असं म्हणून मी पुढचा धडा काढला होता.

आता मला कळलं, कुठं बघायचं ते.

गाडी वळणाला लागली. तशा सगळ्या कोरी एकदम हलल्या आणि पाण्यात मासोळ्यांचा थवा वळावा तशा, एकमेकींना न सोडता, बाकांवरून, माणसांवरून सरकत गेल्या. ते सगळ्यांनीच पाहिलं. किल्ल्यांचा जुडगा खाली पडला, कुणी उचलला नाही. नुसता रुळांचा आवाज.

"अगं बाई," गोजराबाई कुजबुजल्या, "आत आलं."

त्या धडपडत उठल्या आणि त्यांनी आपला पदर द्वारकेवर पसरला. पदरावर तीन कोरी येऊन बसल्या. त्यांनी गाठोडं मध्ये धरलं, तर गाठोड्यावर दोन. झाकावं त्या झाकणावर ते आपलं हजर. त्यांनी एकदा तापीराम अण्णांच्या टोपीकडे बघितलं, एकदा त्या झोपलेल्या मुलाकडे, आणि हात खाली सोडले.

"अण्णा, तुमच्या डोक्यावर चार आहेत," मी म्हटलं.

अण्णांनी टोपी काढून मांडीवर घेतली आणि तिच्याकडे बघत राहिले. "बाई," ते म्हणाले, "हे काय आहे?"

"सूर्य आहे, अण्णा. वर आत्ता जसा दिसत असेल, तसाच."

"एवढे?"

"एकच. जेवढी भोकं तेवढ्या वेळा."

शेंदुर्णी आली आणि गाडी थांबली. इथं इंजिन पाणी घ्यायचं, त्यामुळे गाडी निवांत उभी राही. अण्णांचं स्टेशन ते. ते उठले नाहीत. "आता दुकानात जाऊन काय गिऱ्हाइकं येणार," असं टोपीलाच सांगून ते बसून राहिले. "पहूरपर्यंत येतो. मागच्या गाडीनं फिरेन."

गाडी थांबल्यावर कोरीही थांबल्या. एक द्वारकेच्या डाव्या तळहातात होती. तळवे उघडे ठेवायला सांगितलं होतं ना, तिनं ते तसेच ठेवले होते, आणि त्यात अगदी मधोमध ती कोर येऊन बसली होती. हात मागे घ्यावा, तर हलायचं नाही. राहू द्यावा, तर हे हातात.

ती खूप वेळ बघत होती.

"बाई, हे तेच?"

"तेच."

"गिऱ्हाण?"

"हो."

पुन्हा बघणं. तिनं सासूकडे एकदा पाहिलं आणि मग, कुणी सांगितलं नसताना, हात जरासा वर उचलला. कोर तळहातातच राहिली. हात तिरका केला, कोर लांबट झाली. सरळ केला, पुन्हा पहिल्यासारखी. जुईची पाकळी झेलल्यासारखा तिनं हात धरला होता.

"याले वजन नाही," ती म्हणाली.

"नाही."

"ऊन पण नाही लागत."

मी पेन्सिल काढली आणि पुरवणीवरच्या एका कोरीभोवती रेघ ओढली. सूर्य चालतच होता, म्हणून रेघ पुरी होईतो कोर किंचित पुढे सरकली. जरा थांबून मी दुसरी रेघ ओढली, पहिलीच्या शेजारी. मग पुरवणी द्वारकेच्या गुडघ्यांवर ठेवली आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली. घे म्हटलं नाही, भिऊ नको म्हटलं नाही. ग्रहणात पोटुशीनं हातात काही धरायचं नसतं, हे मला ठाऊक होतं आणि डब्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तापीराम अण्णा टोपीतून वर बघेनात.

पेन्सिल धरून माझा हात अवघडला. मी तो तसाच ठेवला.

द्वारकेनं पेन्सिल घेतली. दोन इयत्ता कधीतरी शिकली असावी, धरायची पद्धत बरोबर होती. तिची रेघ थरथरली, पण कोर पुरी झाली. आता तीन झाल्या. तिनं तिन्हींवर नजर फिरवली.

"ही जाड आहे," ती म्हणाली. "तुमची पहिली बारीक होती."

"का असेल?"

तिनं विचार केला. माझ्या वर्गातल्या मुली करतात तसा, खालचा ओठ दातांखाली धरून. "भरू राहिला तो," ती म्हणाली. "सुटू राहिला."

"बरोबर."

तेवढ्यात तिच्या पोटावर पडलेली एक कोर टुणकन उडाली. गाडी उभी होती, झडप हलली नव्हती. ती पुन्हा उडाली. हिरव्या लुगड्यावर ते एवढंसं उजेडाचं पोर उड्या मारत होतं आणि आतून त्याला कुणीतरी लाथा घालत होतं. ते मी पाहिलं, अण्णांनी पाहून चटकन नजर खाली घातली, आणि गोजराबाईंनी पाहिलं.

द्वारका हसली नाही. पेन्सिल खाली ठेवून तिनं त्या कोरीखाली बोट धरलं. कोर बोटावर आली. ती अगदी शांतपणे, स्वतःशीच विचारावं तशी म्हणाली, "यानं काय चिरतं, बाई?"

तो प्रश्न माझ्यासाठी नव्हताच. ती सासूकडे बघत होती.

गोजराबाईंच्या हातातलं फडकं कधीच थांबलं होतं. त्यांचा चेहरा मला अंधारात नीट दिसत नव्हता. त्यांच्या गालावर एक कोर होती आणि ती गालाबरोबर बारीक थरथरत होती. इंजिनानं शिटी दिली. गाडीनं एक आचका दिला आणि डबाभर कोरी पुन्हा एकदम सरकल्या.

गोजराबाई खाली वाकल्या. त्यांनी कडीच्या डब्याचं झाकण काढलं. ग्रहणात बाटलेलं ते ताक पहूरला उतरल्यावर ओतून टाकायचं, असं त्या मघाशीच म्हणाल्या होत्या. त्यांनी गाठोड्यातून पितळी पेला काढला, पदरानं पुसला, आणि ताक हलवून त्यात ओतलं. काठोकाठ. गाडीच्या हिसक्यानं थोडं सांडलं.

"घे," त्या म्हणाल्या. "घसा सुकला असंन."

"अजून सुटलं नाही, आत्याबाई."

"दिसतं मले."

पेला दोघींच्या हातांमध्ये होता. पांढऱ्या ताकावर एक कोर येऊन पडली होती, स्वच्छ, कडा न् कडा दिसेल अशी. दोघींनी ती पाहिली. गोजराबाईंनी पेला मागे घेतला नाही. द्वारकेनं तो तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. ओठावर ताकाची पांढरी रेघ राहिली, ती गोजराबाईंनी अंगठ्यानं पुसली, आणि मग तोच अंगठा बराच वेळ तिच्या ओठावर तसाच राहिला.

"त्या पोराच्या वक्ताले..." त्या म्हणाल्या.

नंतर त्या उठल्या. शेजारची झडप त्यांनी स्वतः धरली आणि वर लोटली. वारा आत आला. तेवढ्या भागातल्या कोरी उजेडात विरून गेल्या.

पहूरला द्वारकेचा भाऊ न्यायला आला होता. "ग्रहणात बसले तुम्ही गाडीत?" त्यानं घाबरून विचारलं. "बसलो," गोजराबाई म्हणाल्या, "चल, गाठोडं धर." उतरताना द्वारकेनं माझी पेन्सिल परत दिली. तापीराम अण्णाही तिथंच उतरले आणि परतीच्या गाडीची वाट बघत, टोपी हातात घेऊन, लिंबाच्या झाडाखाली जमिनीकडे टक लावून उभे राहिले. पानांच्या फटींतून तिथंही काही पडलं असणार.

मी जामनेरला पोचले, तेव्हा कोडं तसंच होतं. त्याच्यावर तीन कोरी होत्या, दोन माझ्या आणि एक थरथरलेली.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. आईला भेटून मी संध्याकाळच्या गाडीनं पाचोऱ्याला परत येत होते. सकाळी डुलकी लागल्यामुळे पुरवणी वाचायची राहिली होती, ती आता उघडून बसले होते. पहूरला गोजराबाई चढल्या, मागून द्वारका. तिच्या कडेवर कुंची घातलेलं मूल होतं.

मला त्या मुलाकडे बघायचा धीर झाला नाही. मी तिच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "ये, बैस."

ती शेजारी बसली. "धरा, बाई," म्हणाली आणि मूल माझ्या मांडीवर ठेवलं. "मुलगी आहे."

मुलीनं कुंचीतून डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी पुरवणीचा कोपरा पकडला, ओढला, आणि सबंध तोंडात कोंबला. लाल, गच्च मिटलेले ओठ. पाककृतीचं पान भिजत चाललं होतं, कोडं निम्मं फाटलं होतं.

"अगं, बाईंचा पेपर तो," गोजराबाई म्हणाल्या आणि सोडवायला हात पुढे केला.

"असू द्या," मी म्हटलं. "तिचं होऊ द्या आधी."